एक फाईल वगळली

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांची कारकुनी. आजोबा तहसिलीत, वडील कोर्टात, मी एका शिक्षणसंस्थेच्या मुख्य कार्यालयात. वडिलांच्या रेकॉर्डमध्ये कागद सापडला नाही असं कधी झालं नाही, आणि ही गोष्ट ते जेवताना, पाहुण्यांसमोर, शेवटच्या आजारात खाटेवरूनसुद्धा सांगत. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, वर त्यांच्या हातची चिठ्ठी. मी कॉम्प्युटर शिकलो आणि त्यांना हसलो. फडकी गेली, उंदीर गेले, वाळवी गेली, असं त्यांना ऐकवत असे. माझ्याकडून जे हरवलं ते वाळवीने खाल्लं नाही. मी रोज त्याची नीट काळजी घेत होतो आणि ते रोज हरवत होतं.

संस्था उमरखेडची, शाळा आसपासच्या गावांत आणि तांड्यांवर. मी तिथला ‘कॉम्प्युटरवाले सर’. शिकवत काही नाही, पण आमच्याकडे शिपाई सोडला तर सगळेच सर. संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, एकदा नागपूरला कसल्याशा बैठकीला गेले आणि तिथल्या लोकांच्या कार्डांवर ईमेलच्या पत्त्यातच त्यांच्या संस्थेचं नाव पाहून आले. आल्याआल्या मला बोलावलं. “आपलंबी तसंच पाह्यजे. फुकटातलं नोको.”

झालं. ज्या खोलीत खेळाचं सामान असायचं तिथे आमचा स्वतःचा मेल सर्व्हर आला. पाठोपाठ हुकूम निघाला की शाळांनी यापुढे कागद पाठवायचा नाही. मासिक अहवाल, हजेरी, रजा, सगळं मेलने. भाऊसाहेबांना कागदाचा तिटकारा होता. कागदाची पोच द्यावी लागते, पोचेवर सही असते, आणि ती सही पुढे कुणीतरी दाखवतो. हे मला तेव्हा कळलं नाही. मी नुसता खूश होतो, कारण पहिल्यांदाच संस्थेत माझ्यावाचून काही अडत होतं.

बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवायला नागपूरच्या एका दुकानाचा माणूस आला. चार ठिकाणी ‘पुढे’ दाबलं, आमच्या कॅन्टीनचा आलूबोंडा खाल्ला आणि मला सांगितलं, “रोज संध्याकाळी सातला आपोआप कॉपी होते. हिरवी खूण आली का समजा झालं.” मग तो त्याची बस पकडायला गेला. मी समजलो की झालं.

मेल सर्व्हरचं एक आहे, ते इथे सांगितलंच पाहिजे. साऱ्या लोकांचे सारे मेल एकाच भल्यामोठ्या फाईलमध्ये असतात आणि सर्व्हर चालू असेपर्यंत ती फाईल उघडीच असते. कारकून वहीत लिहीत बसला आहे आणि तुम्ही मध्येच झेरॉक्सला वही मागितली, तर तो देणार नाही. शहाणं सॉफ्टवेअर कारकुनाशी बोलतं, जरा लेखणी थांबव म्हणतं, पानं उतरवून घेतं आणि इथपर्यंतचं झालं अशी खूण करून देतं. पण हे बोलणं यायला त्याला एक वेगळा जोड घ्यावा लागतो. आमच्या कोटेशनमधली ती ओळ भाऊसाहेबांनी लाल पेनाने खोडली होती, आणि ती कशाची होती हे मीही विचारलं नव्हतं. तेव्हा आमचं सॉफ्टवेअर रोज सातला यायचं, ती फाईल वापरात आहे हे पाहून तिला वगळायचं, बाकी हजारो फालतू फायली, वाढदिवसाचे फोटो, जुनी वेळापत्रकं, निमंत्रणपत्रिका इमानेइतबारे उतरवायचं आणि हिरवी खूण द्यायचं.

ते चोरून करत नव्हतं. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहायचं, एक फाईल वगळली. पण कागद वाचवायचा म्हणून रिपोर्टचं फक्त पहिलं पान छापायचं असा आमच्याकडे नियम होता. पहिल्या पानावर खूण होती. त्याखाली मी रोज सही करायचो आणि फाईलला लावायचो. चार वर्षं. वडिलांनी त्यांच्या उभ्या नोकरीत न वाचता एका कागदावर सही केली नसेल.

दुसरीही एक गोष्ट होती, तिने तर माझ्या तोंडावर सांगितलं. सर्व्हर प्रत्येक बदल आधी छोट्या छोट्या लॉग फायलींत लिहितो आणि मग मोठ्या फाईलमध्ये चढवतो. खरा बॅकअप झाला की त्या छोट्या फायली तो आपोआप साफ करतो. आमच्याकडे त्या कधीच साफ होत नव्हत्या. दर महिन्याला डिस्क भरत यायची. म्हणजे माझी कॉपी कुणी घेतलेली नाही, असं सर्व्हर ओरडून सांगत होता. मला तो कचरा दिसायचा. पहिल्या तारखेला मी सगळ्या निवडायचो आणि उडवून टाकायचो. जागा मोकळी व्हायची, मन प्रसन्न व्हायचं. नागपूरच्या माणसाला फोन करून विचारावं असं एकदाही वाटलं नाही. विचारलं असतं तर ‘सरांना येत नाही’ असं झालं असतं.

आता जिच्यामुळे हे लिहायला बसलो तिच्याबद्दल. ढाणकीच्या पुढे एक तांडा आहे, तिथल्या आमच्या शाळेत ती पहिली-दुसरीला शिकवायची. त्याच तांड्यातली, बंजारा समाजाची, डी.एड. झालेली. घरात गोरबोलीच बोलणाऱ्या पोरांना मराठी शाळेत बसवणं सोपं नसतं. ती आधी त्यांच्या बोलीत समजावायची आणि हळूहळू मराठीत आणायची. पद मंजूर नव्हतं. मंजूर नसलेल्या पदाचं नाव मस्टरवर घेत नाहीत. मंजुरी आली की तुमचीच आहे, असं भाऊसाहेबांनी तिला तोंडी सांगितलं होतं. म्हणून ती दर महिन्याला अहवाल पाठवायची. मुलांची नावं, काय शिकवलं, आणि सोबत वर्गाचा एक फोटो. शाळेच्या खात्यातून, आमच्याच सर्व्हरवर.

आणि मेल पाठवला की मला फोन करायची. दर महिन्याला, न चुकता.

“सर, पोचला का जी मेल?”

“पोचला, मॅडम.”

“पाह्यला का तुमी?”

“समोरच हाये. कायले एवढी काळजी करता?”

एकदा ती कार्यालयात आली तेव्हा तिने अहवाल कागदावरही लिहून आणला होता. म्हणाली, “ह्याच्यावर पोच द्या न सर. नुसता शिक्का मारला तरी चालते.” मी हसलो. शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कला ऐकू जाईल असं हसलो. म्हटलं, “मॅडम, कोणत्या जमान्यात हाये तुमी? सर्व्हरवर आहे म्हंजे दगडावरची रेघ. रोज बॅकअप होते.” तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. माझं ते हसणं मला आजही ऐकू येतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग यंदा मे महिन्यात, पहिल्याच तारखेला, सकाळी झेंडावंदन आटोपून मी नेहमीप्रमाणे लॉग उडवले आणि दुपारी लाईट गेली. इन्व्हर्टरने चार-पाच मिनिटांत मान टाकली. लाईट आल्यावर सर्व्हर सुरू झाला, पण मेलची फाईल काही उघडेना. अर्धवट लिहिलेलं पान पुरं करायला तिला त्याच लॉग फायली हव्या होत्या ज्या मी सकाळी उडवल्या होत्या. म्हटलं, घाबरायचं कारण नाही, बॅकअप आहे. तो उघडला. चार वर्षांतले वाढदिवस होते, वेळापत्रकं होती. मेलची फाईल नव्हती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग मी रिपोर्टचं शेवटचं पान उघडलं. मग आदल्या दिवशीचं. मग त्याच्या आदल्या दिवशीचं. बराच वेळ मी पानं उघडत होतो, जणू एखाद्या दिवशी तरी त्या ओळीला माझी दया आली असेल.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नवी कोरी फाईल तयार केली, सगळ्यांची खाती पुन्हा चालू केली आणि सर्वांना निरोप पाठवला की जागेअभावी जुने मेल सर्व्हरवरून काढले असून ते बॅकअपमध्ये सुरक्षित आहेत. कुणी चौकशी केली नाही. कोणाला हवे असतात जुने मेल? भाऊसाहेब तर म्हणाले, “बरं केलं, कचरा गेला.” झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

एकटीचा फोन आला. “सर, माह्या फोनमधले पाठवलेले मेलबी गेले सारे.” मी म्हटलं, “डिस्कवर हायेत, मॅडम. पाह्यजे तवा काढून देतो.” ती म्हणाली, “मंग ठीक हाये.”

जुलैत पदाला मंजुरी आली. भाऊसाहेबांच्या साल्याची मुलगी नुकतीच डी.एड. झाली होती. तांड्यावरच्या बाई गेल्या वर्षापासूनच येतात आणि त्याही विद्यादान म्हणून, स्वेच्छेने, असं संस्थेने लिहून दिलं. तिने शिक्षणखात्याकडे तक्रार केली. तांड्यातली माणसं साक्ष द्यायला तयार होती, पण ती सारी नात्यातली निघाली. मग तिने संस्थेकडे लेखी अर्ज केला की चार वर्षांचे माझे अहवाल बॅकअपमधून काढून द्यावेत.

अर्ज माझ्या टेबलावर आला. उत्तर मी लिहिलं. ‘संस्थेचा बॅकअप दररोज घेण्यात येतो. सदर बॅकअपमध्ये अर्जदाराने नमूद केलेले मेल आढळून आले नाहीत.’ या दोन वाक्यांत एक शब्द खोटा नाही. कारकुनाच्या तीन पिढ्यांचं सगळं कसब मी त्यात ओतलं होतं. भाऊसाहेबांनी पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं.

पोळा झाला आणि यवतमाळला सुनावणी लागली. भाऊसाहेबांच्या गाडीतूनच गेलो. मांडीवर रिपोर्टची फाईल होती, चार वर्षांची पहिली पानं. मॅडम तांड्यावरून बसने आली होती, सोबत आई. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फाईल चाळली. हिरव्या खुणा, खाली माझ्या सह्या.

“बॅकअप रोज होतो?”

“हो, साहेब.”

“एकही दिवस खंड नाही?”

“नाही, साहेब.”

“आणि यांचे मेल त्यात नाहीत.”

“नाहीत, साहेब.”

ती उभी राहिली. आवाज चढला नव्हता तिचा. “सर, तुमीच त सांगत होते न, पोचला म्हणून? दर महिन्याले मी फोन करत होती.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “असे फोन यायचे?” मी म्हटलं, “सगळ्याच शाळांचे फोन येतात, साहेब. नेमकं आठवत नाही.”

मला नेमकं आठवत होतं. पण तिचा मेल पोचायचा हे सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग तो बॅकअपमध्ये का नाही? आणि त्या प्रश्नाचं उत्तर मी होतो. निकाल संस्थेच्या बाजूने गेला. परतताना दारव्ह्याला भाऊसाहेबांनी चहा पाजला. मी प्यालो.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होते. घंटा, खडूची पेटी, झेरॉक्स मशीन आणि माझा सर्व्हर. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत हात लावायचा नाही. म्हणून मी दर वर्षी नवमीला मेलची सेवा बंद करून ठेवत असे. मशीन मात्र चालू, कारण भाऊसाहेबांना फोटोत दिवे लुकलुकताना हवे असत. आणि मुहूर्त चांगला म्हणून बॅकअपची नवी डिस्क त्याच दिवशी, पूजेआधी लावायची, जुनीवर वर्ष लिहून ती कपाटात ठेवायची. यंदा जुनी डिस्क काढताना नुसता चाळा म्हणून मी तिच्यावरच्या बॅकअपांची यादी पाहिली. पहिल्या दिवसाचा आकार बाकी सगळ्या दिवसांच्या कितीतरी पट होता. कपाटातल्या आधीच्या तीन डिस्क लावून पाहिल्या. तेच.

कुंकवाचा हात तसाच कीबोर्डवर राहिला. नवमीला मेल बंद असे. मेल बंद म्हणजे फाईल मिटलेली. कारकून पूजेला गेला आणि वही टेबलावर नीट मिटून ठेवलेली. त्या संध्याकाळी सॉफ्टवेअर आलं होतं आणि वही उचलून अख्खी उतरवून घेऊन गेलं होतं. वर्षातून एकदा आमचा बॅकअप खरोखर होत होता, आणि तो मी नाही, आमच्या रिवाजाने केला होता.

जुन्या कॉम्प्युटरवर ती फाईल उघडली. कसली कुरकूर न करता उघडली. तिचे सगळे मेल होते, रुजू झाल्याच्या महिन्यापासून गेल्या दसऱ्यापर्यंत. फोटोतली पोरं दर महिन्याला थोडी थोडी उंच होत होती. मला रडू आलं. ते आनंदाचं होतं असं मी तेव्हा धरून चाललो.

भाऊसाहेबांना न सांगता मी बस धरली. ढाणकीला उतरलो, तिथून ऑटोने तांड्यावर. अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं आणि ती सुपाने पाखडत होती. मला पाहून तिने “याडी” म्हणून आईला हाक मारली आणि त्यांच्या बोलीत पाणी आणायला सांगितलं. म्हातारीने तांब्या दिला. यवतमाळला तिने मला पाहिलं होतं. तरी दिला.

“मॅडम, सापडले. सारे मेल सापडले,” मी म्हटलं आणि डिस्क पुढे केली.

तिने ती घेतली नाही. मी खाटेवर ठेवली आणि सांगायला लागलो. उघडी फाईल, मिटलेली फाईल, नवमी, नवी डिस्क. मी रंगात आलो होतो. इतकं सुंदर कोडं सुटलं होतं आणि ते ऐकायला तिच्याइतका हक्काचा माणूस दुसरा नव्हता. तिने सगळं ऐकून घेतलं, पोराने पाठ केलेलं म्हणून दाखवावं आणि बाईने ऐकावं तसं.

“एक इचारू सर?”

“इचारा न.”

“यवतमाळले हे मेल तुमाले सापडले नव्हते, ठीक हाये. पण मी पाठवत होती, हे त माहीत होतं न तुमाले?”

“होतं.”

“मंग साहेबानं तुमाले इचारलं होतं न सर. मशीनले नोहतं इचारलं.”

मी रिकामा तांब्या खाली ठेवला आणि डिस्क तिच्याकडे जरा सरकवली.

“आता हे घेऊन मी काय करू?” तिने डिस्ककडे पाहिलं. “हे कोणाचं हाये, कुठून आलं, खरं का खोटं, हे सांगाले तुमालेच त उभं राहा लागन. राहान का?”

मी म्हटलं, “पाहू. करू काहीतरी.”

ती आत गेली आणि एक वही घेऊन आली. मधलं पान फाडलं, पेनासकट माझ्यापुढे धरलं. “चार ओळी लेहा. का ही बाई दर महिन्याले मेल पाठवत होती, अन् मी पाहून पोचला म्हणत होतो. खाली सही करा. बाकी अपिलाचं मी पाहून घेतो.”

माझी नोकरी तीन वर्षं राहिली आहे. मुलीचं लग्न ठरतंय. भाऊसाहेबांचा हात कुठवर पोचतो ते मला ठाऊक आहे. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं आणि तोंडातून वेगळंच निघालं. “असं वहीच्या पानावर चालत नाही, मॅडम. कायद्यात बसलं पाह्यजे. मी टाईप करून देतो. उद्याच.”

“उद्या,” ती म्हणाली. पान वहीत ठेवलं आणि सूप उचललं.

तो उद्या काही आला नाही. तिचा फोनही आला नाही. मी पहिल्या आठवड्यात फोन वाजला की दचकायचो, आता दचकत नाही, आणि याचीच मला जास्त भीती वाटते. तिच्या जागी भाऊसाहेबांच्या साल्याची मुलगी रुजू झाली आहे. पहिलीतली पोरं तिला काय बोलतात ते तिला कळत नाही, म्हणून ती चिडते, असं कार्यालयात हसत हसत सांगतात. अपिलाची मुदत या महिनाअखेर संपते. आज बावीस तारीख. तिला चार ओळी हव्या होत्या. मी हे एवढं लिहून काढलं आहे आणि यात कुणाचंही नाव नाही, तिचंही नाही आणि माझंही नाही.